अधिक माहितीसाठी संपर्क

दारावर चिकटवलेली सूचना वाचून काही कळत नव्हतं, याचं मसुदेरावांना आश्चर्य वाटलं नाही. ती त्यांनीच लिहिली होती.

'धरणातून पाणी सोडले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. नदीकाठच्या रहिवाशांनी परिस्थिती पाहून, आवश्यक वाटल्यास, सुरक्षित स्थळी जाण्याबाबत योग्य तो निर्णय घ्यावा.' बावीस वर्षं कचेरीत मसुदे लिहून त्यांनी हे टोपणनाव कमावलं होतं. त्यांच्या वाक्यात साहेब कधी अडकले नव्हते आणि लोकांना कधी काही समजलं नव्हतं. यंदाची ही तिसरी सूचना. आधीच्या दोन्ही वेळी पाणी आलंच नव्हतं.

घर नदीकाठी, तळमजल्यावर. आतल्या खोलीत आई, खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेली. तिला हलवलं आणि पाणी आलं नाही, तर खुबा उगाच दुखावणार. नाही हलवलं आणि पाणी आलं, तर... हे वाक्य मसुदेरावांना पुरं करवेना.

"अहो, बॅग भरू की सोडू?" बायकोने विचारलं. सकाळपासून तिने ती दोनदा भरून दोनदा रिकामी केली होती.

"परिस्थिती पाहू."

"मी कधीची तुमच्याकडेच पाहतेय. काही फरक दिसत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. सूचनेखाली 'अधिक माहितीसाठी संपर्क' म्हणून एक नंबर द्यावा लागतो. साहेब आपला देईनात आणि कचेरीचा फोन बंद, म्हणून मसुदेरावांनी मुकाट्याने स्वतःचा टाकला होता.

"साहेब, जायचं की राहायचं?"

"आपण योग्य तो निर्णय घ्यावा."

"पण योग्य कोणता?"

"आपल्याला वाटेल तो."

"तुमचं नाव काय म्हणालात?"

मसुदेरावांनी फोन ठेवला. नाव ते कधीच सांगत नसत.

दुपारपर्यंत असे चाळीस फोन झाले. मग गल्लीतला शिंपी दारात येऊन उभा राहिला, मागे बोचकी घेतलेली अर्धी गल्ली. "पुलाच्या खांबावरची लाल खूण बुडाली, राव. तुम्ही निघालात की आम्ही निघतो. आतली बातमी तुम्हालाच असणार."

आतली बातमी काढायला मसुदेरावांनी साहेबांना फोन लावला. साहेब तिसऱ्या मजल्यावर राहत. "सूचनेत सगळं स्पष्ट आहे की," ते जांभई देत म्हणाले. "ती वाचा."

पुढचा फोन बायकोनेच उचलला. "निघा! टेकडीवरच्या शाळेत जा. औषधं आणि पांघरुणं घ्या. हो, नक्की. मी कोण? मसुदेरावांची बायको." शिंप्याने एवढंच ऐकलं आणि पाच मिनिटांत गल्ली रिकामी झाली.

"आता आपलं काय?" ती म्हणाली.

"आईचा खुबा..."

"आईंना विचारलंत?"

विचारलं नव्हतं. मसुदेराव स्टुलावर बसले. त्यांना फार फार थकल्यासारखं झालं होतं. ती आत निघून गेली आणि पुन्हा फोन वाजला. नंबर न बघताच त्यांनी तो कानाला लावला.

"साहेब, सूचना वाचली. घरात एक म्हातारी आहे. खुब्याचं ऑपरेशन झालंय. मुलगा आहे, पण त्याला विचारून उपयोग नाही. जायचं की राहायचं?"

आवाज फोनमधून येत होता आणि आतल्या खोलीतूनही. 'परिस्थिती पाहून' अगदी ओठांवर आलं होतं, ते मसुदेरावांनी गिळलं.

"जायचं."

"नक्की?"

"नक्की."

"कोण बोलतंय?"

"मी," मसुदेराव म्हणाले. "तुझा मुलगा."

ते आत गेले. आई चाकाच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर औषधांची पिशवी, पायांत चपला. शेजारी तिसऱ्यांदा भरलेली बॅग घेऊन बायको उभी होती.

"सकाळी सातपासून चपला घालून बसलेय," आई म्हणाली. "चल, ढकल आता. आणि दाराशी थांबून ते परत वाचत बसू नकोस."