तात्यांचा तिरका टीव्ही

आमचे घरमालक ज्ञानोबातात्या टीव्ही समोरून बघत नसत. टीव्ही ओट्यावर, तोंड रस्त्याकडे. आणि तात्या त्याच्या बाजूला, भिंतीलगतच्या बाजेवर. तिथून मान बगळ्यासारखी लांब आणि वाकडी करून पडद्याच्या कडेने जे काही सापडेल ते बघायचे. मी एकदा त्यांच्या जागी बसून पाहिलं. मला फक्त नाकं दिसली.

“समोरनं बगितलं की डोळं जात्यात, मास्तर. शास्त्र हाय,” तात्या म्हणाले. आपल्या म्हणण्याला आधार नसला की ते “शास्त्र हाय” म्हणत. आधार असल्याचा प्रसंग माझ्या पाहण्यात आला नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी इंदापूर तालुक्यातल्या त्या गावी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि तात्यांच्या मागच्या खोलीत राहत होतो. केबलवाल्याने नुकतीच गावात तार ओढली होती. त्याच्या छत्रीत कुठून काय येऊन पडेल याचा नेम नव्हता. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्यात एक जपानी कार्टून येऊन पडे. हातापायांनी लढणाऱ्या पैलवानांची कथा. पहिल्याच दिवशी मला बोलावणं आलं.

“काय म्हंतोय त्यो?”

“तात्या, हे इंग्रजी नाही. जपानी असावं.”

“मंग तुमी शिकिवता तरी काय?”

तेव्हापासून दुभाष्याचं काम तात्यांनी स्वतःकडे घेतलं. त्यांना सगळं कळायचं.

ती मालिका अशी : कड्यावर दोन पैलवान समोरासमोर उभे राहत. वारा सुटे. एक बोले. मग दुसरा बोले. ढग सरकत. मग पहिल्याला काहीतरी राहिलेलं आठवे आणि तो पुन्हा बोले. तेवढ्यात भाग संपे. ठोसा उद्या, किंवा परवा. मला हे असह्य व्हायचं. तात्यांच्या मते तिचं थोरपण नेमकं इथेच होतं.

“बगा, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. मधी कोन माईक वढत न्हाय. भाषान पुरं झाल्याबिगर ठोसा न्हाय. आपल्या सोसायटीच्या सभेत आधी ठोसा आन मंग आभारप्रदर्शन.”

तात्या गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, त्यामुळे हे अनुभवाचे बोल होते.

एवढी चांगली गोष्ट आपल्यापुरती ठेवणं तात्यांना पटेना. बारामतीच्या एसटीत ते मोरगावच्या गणपतीला निघालेल्या अनोळखी नवरा-बायकोला कड्यावरची लढत हातवारे करून सांगू लागले. ते जोडपं पुढच्याच थांब्यावर उतरलं. तिथे त्यांचं काहीही काम नसावं. गावातल्या एका आण्णांचा दहावा झाला, तेव्हा नीरेच्या काठी श्रद्धांजलीला तात्याच उभे राहिले. “आण्णा गेलं. पर जपानात एक म्हातारा वस्ताद हाय. त्यो मेला तरी वरनं पठ्ठ्याला डाव सांगतो. आण्णांनीबी पोरांना वरनं सांगत ऱ्हावं.” आण्णांच्या पोरांनी एकमेकांकडे काळजीने पाहिलं. कावळा शिवून, जेवून, उडून गेला. भाषण चालूच होतं.

या सगळ्या काळात रस्त्यापलीकडे बापूराव आपल्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून दोर वळत बसलेले असत.

तात्या आणि बापूराव एका तालमीत वाढलेले, एका ताटात जेवलेले. चेअरमनपदाला दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि तात्या निवडून आले. तिथपर्यंतही ठीक होतं. पण मिरवणूक बापूंच्या दारापुढे थांबली, हलगी तिथेच जास्त कडाडली, आणि गुलाल बापूंच्या चौकटीपर्यंत उडाला. तात्या तेव्हा कुणाच्या तरी खांद्यावर होते. खांद्यावर असलेल्या माणसाला “पुढं चला” म्हणता येतं. ते म्हणाले नाहीत. बापूंनी दार लावून घेतलं, आणि बोलणं बंद.

आमच्याकडे बोलणं बंद झालं तरी काम अडत नाही. मधे तिसरा माणूस धरतात. “मास्तर, त्यांना सांगा, त्यांची म्हस आमच्या कडवळात शिरलीया.” “मास्तर, त्यांना सांगा, कडवळाला कुंपन घाला.” दोघेही माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मी मधे टेलिफोनच्या खांबासारखा उभा.

तात्या मोठ्या आवाजात टीव्ही लावतात तो बापूंना खिजवायला, असं गाव म्हणे. मलाही तसंच वाटायचं.

दिवाळीनंतर तात्यांची मान एका बाजूला जी अडकली ती सुटेना. बारामतीच्या डॉक्टरांनी पांढरा पट्टा बांधला आणि वाकडं बघणं बंद केलं. सून घरी येताच पहिलं काम म्हणून टीव्हीचं तोंड बाजेकडे फिरवून मोकळी झाली. तात्यांना मालिकेतला नायक पहिल्यांदाच अख्खा दिसला.

“लई रुंद हाय की ह्यो,” एवढंच म्हणाले. उल्हास नव्हता. नजर सारखी रस्त्याकडे जात होती, आणि पट्ट्यामुळे नजरेबरोबर सगळे तात्याच वळत होते.

अर्धा भाग झाला असेल. पलीकडून हाक आली.

“मास्तर! त्यांना इचारा, टीव्ही का फिरिवला?”

बापूराव ओट्यावर उभे होते. तोंड आमच्याकडे, हातात अर्धवट वळलेला दोर.

बाज करकरली. “मास्तर, त्यांना सांगा, मान धरलीया.”

बापूंनी दोराला एक पीळ दिला. “मंग त्यो काल कड्यावरनं पडल्याला... मेला का जगला?”

पाठ करून बसणाऱ्या माणसाला कालचा कडा माहीत होता. मी टीव्हीच्या जुन्या जागेकडे पाहिलं. टीव्हीखालच्या पाटावर त्याच्या पायांचे चार ठसे उमटले होते, आणि त्यांचा रोख सरळ बापूंच्या ओट्यावर होता.

“त्यांना सांगा, जगला,” तात्यांनी पडद्यावरच्या नायकाकडे बोट केलं. “ह्यानं हात दिला, वर वढला. आता ह्याच्याच घरी जेवतोय. ह्या खेळात हारल्याला गडी जात न्हाय कुटं. ह्यांच्यातच ऱ्हातो. म्हनून तर बगायचं.”

“त्यांना इचारा, जितल्यावर मिरवनूक काढली का त्यानं?”

हा निरोप मी पोहोचवला नाही. तो पोहोचला होता.

तात्यांनी पट्ट्यात हनुवटी रुतवली. मग म्हणाले, “न्हाय काढली. त्याला अक्कल हाय.”

या वेळी ते “शास्त्र हाय” म्हणाले नाहीत.

बापूराव घरात गेले. तात्यांनी पडद्याकडे पाहायचं सोडून दिलं. तेवढ्यात पलीकडचं दार पुन्हा वाजलं आणि बापू काखेत लोखंडी घडीची खुर्ची मारून रस्ता ओलांडून आले. ती बाजेशेजारी उघडून बसले.

“मास्तर, त्यांना सांगा, म्या माजी खुर्ची आनलीया.”

“मास्तर, त्यांना सांगा, आनली तर आनली.”

थोडा वेळ मी मधे बसलो. मग पेपर तपासायचे आहेत म्हणून उठलो. “बसा की मास्तर!” दोघेही एकदमच म्हणाले. दोघांच्याही आवाजात भीती होती. मी खोलीत आलो आणि दार लोटून घेतलं.

बाहेर बराच वेळ फक्त जपानी भाषण चालू होतं. मग बाज करकरली.

“बाप्या, दिसतंय का तितनं? का फिरवू जरा?”