बाबलदादांचा आठवा कप्पा

आमच्या शेजारी कॉम्प्युटरचा वेग वाढवण्याआधी गाऱ्हाणं घातलं जातं. बाबलदादा कॅबिनेटसमोर नारळ ठेवतात, हात जोडतात आणि देवळातल्यासारखा आवाज लावतात, "बा देवा म्हाराजा, ह्यां लेकरू आज चार पॉइंट आठार जातासा. वाटेत खंय व्होल्टेज कमी पडात, खंय स्क्रीन निळी होयत, तर ती इडापिडा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे म्हणायला मी असतो. कारापूरच्या शाळेतल्या मास्तरला एवढं तरी करता आलंच पाहिजे.

दादांनी वीस वर्षं पाळी गावच्या खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आणि पन्नाशीत हा माणूस कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. आज डिचोलीच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. इंजिनियर झालेली पोरंसुद्धा अडली की त्यांच्याकडेच येतात. मला त्यांचा अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत बोलून दाखवतो.

मदरबोर्डला ते 'आवय' म्हणतात, म्हणजे आई; बाकीचे भाग तिची मुलं-मुली. "प्रोसेसर म्हणजे हुशार झील, रॅम म्हणजे चार चेडवां. पण सांभाळता कोण? आवय!" प्रोसेसरच्या खोक्यावर तीन पॉइंट सहा गिगाहर्ट्झ लिहिलेलं. ते दादांना मान्य नाही. "तो रस्त्यावरच्या पाटयेचो स्पीड. गाडयेचो खरो स्पीड ड्रायव्हराक म्हायती." बोर्डावर वीज पुरवणारे चौदा फेज आहेत, तेही ते पाहुण्यांना बोटानं मोजून दाखवतात. "चौदा, मास्तर! एक दमलो तर तेरा वडतत!"

तापमान नव्वदला टेकलं की "जनेल उघडा!" अशी आरोळी येते आणि मी धावत जाऊन खिडकी उघडतो. पंखे तर असे गरजतात की दारात पाव घेऊन आलेल्या पोदेराचा भोंपू ऐकू येत नाही. दादांच्या पराक्रमापायी मी कितीदा पावाविना चहा प्यालो आहे.

या बोर्डात वेगाची सेटिंगं साठवायला आठ कप्पे आहेत, आणि प्रत्येकाला इंग्रजी अक्षरांत नाव देता येतं. दादांची नावं अशी: भरली गाडी, रिकामी गाडी, चढ, उतार, पावसाळी वगैरे. आठव्या कप्प्याविषयी मात्र ते कधी बोलले नव्हते.

गेल्या रविवारी नवा प्रोसेसर आला. वर्षभर त्याची वाट पाहिली होती. तो बसवायचा तर आधी बोर्डाचा बायोस, म्हणजे त्यातली मूळ आज्ञावली, नवा करायला हवा होता. मी नारळ घेऊन हजर झालो. स्क्रीनवर सूचना आली की साठवलेली सगळी सेटिंगं पुसली जातील. दादांचा हात जागीच थांबला.

"नको," ते म्हणाले.

"आकडे वहीत उतरवून घेऊ. मग पुन्हा भरू."

"सातांचे भरशात. आठव्याचां काय?"

त्यांनी आठवा कप्पा दाखवला. सगळ्यात कमी वेग, पंखे जवळजवळ बंद. नाव होतं 'जेवा आत्ता', त्यात टी चार वेळा.

वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. पंख्यांच्या गोंगाटात त्यांची जेवणाची हाक दादांना ऐकू यायची नाही, म्हणून दादांनी खास हे शांत सेटिंग केलं आणि नाव त्यांनाच घालायला लावलं. वहिनींनी आयुष्यात एकदाच कीबोर्डला हात लावला. टीवरचं बोट उचलायला त्यांना जरा उशीर झाला.

"आपण पण चार टी लिहू, दादा," मी म्हटलं.

"मी लिवलंय तर तां माझां होतलां. ह्यां तिचां."

नवा प्रोसेसर खोक्यासकट देव्हाऱ्यात गेला. मला वाईट वाटलं. पण दादांनी छाती पुढे काढली. "जुनोच चार पॉइंट नवार न्हेतंय. बगा तुमी!" आणि हात जोडले, "बा देवा म्हाराजा, ही आवय आसा तशीच ऱ्हवांदी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच म्हटलं.

एक वाजला. दादांनी आठवा कप्पा लावला. पंखे गप्प झाले.

"इलंय गे," रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून, हाकेला ओ द्यावी तसे ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.