गजाच्या ढलप्या

फादर ओब्रींचा एकुलता एक पांढरा झगा झेलीने उकळत्या हंड्यातून काठीने वर उचलला, तर तो गुलाबी!

ती अशी काही किंचाळली, की माडीवरून तिचा नवरा फुल्जांस रंधा हातात घेऊनच खाली आला. मिरकूर गावात व्हायोलिनचे गज करणारे पुष्कळ. पण फुल्जांसचा गज इतका जिवंत, की वादक नुसता शिंकला तरी तारेवर एक सूर उमटून जाई. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला नव्हतं, त्याला फुल्जांस स्वतः सांगे.

"अहो, तुमचा ॲप्रन यात गेला! खिसे ढलप्यांनी भरलेले! उद्या बिशप येणार, आणि फादर काय नव्या नवरीसारखे उभे राहणार? गेलं माझं चर्चचं धुणं!"

"ओरडतेस काय? ब्राझीलचं लाकूड आहे ते, उकळत्या पाण्यात रंग सोडणारच. जन्मभर ज्योतीवर वाकवतोय मी त्याला. माझ्या शब्दाबाहेर नाही जायचं."

त्याने हंड्यात व्हिनेगरची बाटली ओतली. झगा पिवळाधम्मक झाला.

"छान! आता कावीळ झाल्यासारखे दिसतील."

"आंबटाने बिघडलं ना? मग खाराने सुधारेल," म्हणत फुल्जांसने धुण्याचा सोडा ओंजळीने टाकला. झगा जांभळा झाला. साधासुधा नव्हे, फक्त बिशपनेच घालावा असा, भरदार जांभळा.

नेमके तेव्हाच फादर दारात आले. त्यांनी हंड्यात पाहिलं आणि स्टुलावर बसकण मारली.

"फुल्जांस, बढती रोमहून यावी लागते रे बाबा."

"ते असू द्या, फादर. पण रंग कसा बसलाय बघा! डाग शोधून दाखवा."

दुसरा झगा आणायचा कुठून? दुसऱ्या दिवशी फादर जांभळे होऊन चर्चच्या दारात उभे राहिले. बिशप मोटारीतून उतरले. त्यांनी फादरांकडे पाहिलं, मग स्वतःच्या झग्याकडे. उन्हापावसाने त्याचा जांभळा रंग विटून कांद्याच्या सालीवर गेला होता. गावाने श्वास रोखला. झेलीने तर डोळेच मिटले.

बिशपनी फादरांना बाहीला धरून बाजूला नेलं.

"ओब्री, बाकीचं राहू द्या. रंगवला कुणी?"

झेलीचं धुणं टिकलं, वर बिशपचंही आलं. पण बिशप जेवणाखाणाचे शौकीन. त्यांच्या घेराला खिसाभर ढलप्या कुठून पुरणार? फुल्जांस रात्रंदिवस तासू लागला. नुसतं लाकूड किसायला त्याचा हात धजेना. रंधा फिरला की खाली गज घडायचाच. बघता बघता जिन्याखाली गजांची सरपणासारखी रास लागली.

पॅरिसहून एक नामांकित वादक आपला गज न्यायला आला. वर जाता जाता तो पायरीवरच्या ढलप्या पायाने बाजूला सारू लागला, तशी झेली कडाडली.

"साहेब, पाय आवरा! गज हवे तेवढे न्या तिकडचे. ढलप्या मात्र ऑर्डरच्या आहेत."