अडीचशे शब्दांचा बाक

इंदूरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभागाबाहेर बसायची सोय नव्हती. रुग्ण तासन्‌तास रांगेत उभे राहत आणि नंबर आला की उभ्याउभ्याच दंडाला पट्टा गुंडाळून त्यांचा रक्तदाब मोजला जाई. तो जास्त निघे. मग गोळी सुरू होई. गोळ्या संपल्या की रुग्ण पुन्हा रांगेत, आणि रक्तदाब पुन्हा जास्त. अशा रीतीने विभागाचं काम वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

तिसऱ्या वर्षाला असलेल्या अबोली पागेने यात व्यत्यय आणला. तिने ग्रंथालयातून एक बाक उसना आणला, रुग्णांना त्यावर थोडा वेळ शांत बसवलं आणि मग मोजलं. निम्म्याहून अधिक लोकांचा रक्तदाब चांगला निघाला. पाठ्यपुस्तकात हे लिहिलेलंच होतं. फक्त पाठ्यपुस्तकाने बाक पुरवला नव्हता.

अबोलीला घाई होती ती इंदुमती आत्यामुळे. शहरातल्या अन्नपूर्णा भागात राहणारी ही आत्या याच रांगेतून दोन गोळ्यांवर पोचली होती आणि आता चक्कर येते म्हणून घरात भिंत धरून चालत होती. घरी बसवून मोजलं तर तिचा आकडा एखाद्या धावपटूला शोभेल असा. पण आत्या ऐकेना. "तू अजून डॉक्टर नाहीस, बेटा," ती म्हणाली. "कॉलेजनं बसवून मोजलं आणि सांगितलं की मग गोळ्या सोडीन."

ग्रंथालयाने बाक परत नेला. अबोलीने कायमच्या बाकासाठी अर्ज केला. बाक ही वैद्यकीय गरज असल्याचा छापील पुरावा जोडावा, असं उत्तर आलं. सुदैवाने वैद्यकीय विद्यार्थ्यांची परिषद जवळ आली होती आणि तिथे निवडलेले शोधसारांश छापले जाणार होते. मर्यादा अडीचशे शब्दांची: शीर्षक, लेखकांची नावं, पदव्या आणि पदं धरून. अबोलीने एकही शब्द वाया न घालवता सारांश लिहिला. शेवटचं वाक्य होतं, 'रुग्णांना बसवा.'

तिचे मार्गदर्शक डॉ. दिघे यांना सारांश फार आवडला. फक्त आपलं नाव 'ल. दिघे' असं बघून ते दुखावले. त्यांचे पूर्वज होळकरांच्या दरबारी होते.

"आमच्या घरात नाव असं तोडत नाहीत," ते म्हणाले. "पूरा लिही."

पूर्ण नावात आजोबांपर्यंतच्या पिढ्या, जुना किताब, पदव्या आणि सध्या चालू असलेली एक पदवी आली. अबोलीने विचारलं, आता शब्द कुठून काढू? सर म्हणाले, पार्श्वभूमी काढ, ती सगळ्यांना मालूमच असते.

मग विभागप्रमुख कुमुदिनी मॅडम. त्यांना सासरचं आडनाव चाललं, पण माहेरचंही हवं होतं; त्यांचे दिवंगत वडील याच विभागात प्राध्यापक होते. "तुमच्या वडिलांचंही नाव घालू का?" असं अबोली नुसतं बोलण्याच्या ओघात म्हणाली. मॅडमचे डोळे भरून आले. दिवंगत प्राध्यापक तिसरे लेखक झाले. त्यांच्या पदव्या पुष्कळ होत्या. अभ्यासाची पद्धत गेली.

बातमी पसरली. रक्तदाबाचं यंत्र भांडारातून आलं होतं, म्हणून भांडारप्रमुख आले. नैतिकता समितीने मंजुरी दिली होती, म्हणून समिती आली. नावं गाळणं तिला अनैतिक वाटलं. अधिष्ठात्यांनी काहीच केलं नव्हतं, पण त्यांना वगळायचं धाडस कोण करणार? आकडे गेले, तक्ता गेला. 'बाकावर बसल्याने रक्तदाबात होणारी घट: एक अभ्यास' हे शीर्षक आधी 'रक्तदाब: एक अभ्यास' झालं आणि मग नुसतं 'अभ्यास'.

शेवटच्या दिवशी सारांश संकेतस्थळावर चढवायला वर्गमित्र अर्पित बसला. अपलोड मी करतोय तर माझं नाव तो बनता है, असं म्हणून त्याने तेही टाकलं. संकेतस्थळाने सारांश नाकारला.

"दोन शब्द जास्त होताहेत, भिया," अर्पित अबोलीला म्हणाला; इंदुरात मुलीही 'भिया'च असतात. "'रुग्णांना बसवा' उडवून दे ना. इतक्या मोठ्या लोकांत ते ऑड दिसतंय."

"तुझं नाव उडव."

"माझ्या मम्मीने नानाजींना फोन करून सांगितलंय."

अबोलीने यादी वरून खाली वाचली. कुणालाही न विचारता काढता येईल असं एकच नाव तीत होतं. तिने 'अबोली पागे' खोडलं. 'रुग्णांना बसवा' राहिलं.

सारांश स्वीकारला गेला. मात्र परिषदेच्या संयोजकांनी छापण्यापूर्वी नियमाप्रमाणे प्रत्येक सारांशात मानद अध्यक्षांचं नाव जोडलं, आणि मर्यादा पाळण्यासाठी, शीर्षक सोडता लेखक नसलेले जे दोन शब्द उरले होते, ते काढले.

त्या सारांशाला पहिलं पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी लिहिलं, 'लेखनात दुर्मीळ संयम. निष्कर्ष लादलेला नाही.' सगळे लेखक एका फोटोत मावेनात, तेव्हा भांडारप्रमुखांनी कुलूप उघडून बाक काढून दिले. मागची रांग त्यांवर उभी राहिली. फोटो झाल्यावर बाक पुसून परत आत गेले. अबोलीने छापील सारांश अर्जाला जोडला. त्यात बाकाचा उल्लेख आढळत नाही, या शेऱ्यासह अर्ज निकाली निघाला.

आत्याने फोटो बघितला आणि कॉलेजवरचा तिचा विश्वास पक्का झाला. एवढ्या मोठ्या डॉक्टरांची गोळी आपण सोडणार होतो, याचं तिला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ती रांगेत गेली आणि तिसरी गोळी घेऊन आली.

तो फोटो तुमच्याही ग्रुपवर आला होता. आधीच्यांनी टाकला म्हणून तुम्हीही त्याखाली फुलांचा गुच्छ टाकलात. अभ्यास कशाचा होता, ते विचारलं नाहीत. असो. तुमचा नंबर आलाय. बसू नका, बसायची सोय नाही. बाही वर करा.