चढाचे नऊ गिअर

सायकलीतलं मला कळतं. हे मी नम्रपणे सांगत नाहीये, कारण नम्रपणा हा ज्यांना काहीच कळत नाही त्यांनी मिरवायचा दागिना आहे. मी लिफ्टच्या कंपनीत देखभाल विभागाचा प्रमुख. माणसांना वर पोचवणं हा माझा रोजचा धंदा! आमचे साडू मात्र विमे विकतात आणि फुलासारख्या हलक्या सायकलवर, अंगाला चिकटलेले कपडे घालून, सपाट रस्त्यावर धापा टाकत फिरतात. असल्या माणसाला सायकलवर मत असतं, हेच मला सहन होत नाही.

तर गोष्ट अप्पांच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या सायकलची. काळी, वजनदार, त्यांच्या पहिल्या नोकरीपासूनची. मागच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच, तीन गिअर लपलेले, आणि ब्रेकही तिथेच. पेडल उलटं दाबलं की चाक थांबतं. हँडलवर ब्रेकची मूठ नाही की वायर नाही. अप्पांचं घर चढाच्या मध्यावर, आणि चढाच्या टोकाला त्यांच्या मित्राचं घड्याळाचं दुकान. तिथे रोज संध्याकाळी दोघांचं बुद्धिबळ चालतं. अलीकडे अर्ध्या वाटेतच अप्पांना दम लागायचा. मग उतरून, सगळ्या गल्लीदेखत, सायकल ढकलत न्यायची. एकदा जेवताना ते म्हणाले की सायकल भंगारात देऊन टाकतो आणि बुद्धिबळही पुरे झालं. सासूबाई वाढायच्या थांबल्या.

साडूंनी ताबडतोब बॅटरीची सायकल घ्यायचा सल्ला दिला. दुसऱ्याच्या खिशाला सल्ले देण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी म्हटलं, "अप्पा, सायकल हीच राहील आणि तुम्ही न उतरता वर जाल. शब्द माझा."

योजना साधी होती. हबवर दात्यांची एकच चकती होती, तिच्या जागी तीन बसवायच्या आणि चेन एकीवरून दुसरीवर टाकणारा डिरेलर लावायचा. आतले तीन, बाहेरचे तीन, गुणाकार करा. नऊ गिअर! डिरेलरला स्प्रिंगचा एक हात असतो, तो उरलेली ढिली चेन ओढून धरतो. सायकलवाल्याने काम घेतलंच नाही. असलं काही कधी केलं नाही, म्हणाला. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस! मी सगळं गच्चीवर घरीच केलं. नीट तपासलंत ना, असं हिने विचारलं. तपासलं म्हणजे? मी स्वतः बसून, शीळ घालत, चढ चढून पाहिला. येताना सायकल हातात धरून चालत आलो, कारण वाटेत भेटेल त्याला थांबून गिअर दाखवायचे होते.

रविवारी संध्याकाळी सगळं घर फाटकात जमलं. अप्पा बसले, निघाले, आणि चढत गेले. उतरले नाहीत, थांबले नाहीत, मागे वळूनही पाहिलं नाही. टोकावर पोचून त्यांनी घंटी वाजवली तेव्हा दुकानातून मित्र बाहेर आला. सासूबाईंनी डोळे पुसले. मी साडूंकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिलो.

मग अप्पा कौतुक घ्यायला परत फिरले.

उतारावर त्यांनी सवयीने पेडल उलटं दाबलं. आता, हबचा ब्रेक लागायचा तर खालची चेन घट्ट ताणली गेली पाहिजे, आणि खालची चेन होती माझ्या स्प्रिंगच्या हातात. ब्रेक लागण्याआधी तो हातच ताणला गेला, वाकला आणि कडकन तुटला. चेन लोंबू लागली. हे सगळं शास्त्र मला फाटकात उभ्या उभ्या एका क्षणात समजलं. इतक्या लवकर मला आयुष्यात काही समजलेलं नाही!

अप्पा आमच्यासमोरून गेले. ताठ बसलेले. "ब्रेक नाहीये," एवढंच म्हणाले, दूध संपलंय हे सांगावं तशा आवाजात. सासूबाईंनी "अहो" म्हणेपर्यंत ते वळणापलीकडे गेले होते.

आम्ही धावलो. साडू सगळ्यांत पुढे; तेवढाच काय तो त्या कपड्यांचा उपयोग. लिफ्टच्या धंद्यात माणूस खाली कसा येतो याचा विचार आम्ही आधी करतो, आणि इथे मी तो केलाच नव्हता.

चढाच्या पायथ्याशी रोपवाटिका आहे. तिथल्या खताच्या ढिगात सायकल अर्धी रुतली होती आणि अप्पा ढिगावर बसले होते. चष्मा शाबूत, हाडं शाबूत. आम्हाला पाहून ते उठले, अंगावरचं खत झटकलं आणि म्हणाले, "जावईबापू, चढ उत्तम झाला."

सायकल चालवण्याजोगी उरली नव्हती. मी ती ढकलू लागलो. अप्पा हात पाठीमागे बांधून, रमतगमत पुढे. फाटकाफाटकातून लोक पाहत होते. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी काळजीने विचारलं, काय झालं?

अप्पा थांबले. वळून त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

"विशेष काही नाही," ते म्हणाले. "आमच्या जावयांना हल्ली चढ झेपत नाही. उतरून ढकलावं लागतं."