मुका पंखा

रिसोडच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या अजितकुमारला घरातली एकच गोष्ट खटकायची, ती म्हणजे टेबलफॅन. तो पत्र्याच्या पेटीवर ठेवलेला. बटन दाबलं की पंखा थरथरे आणि पेटी त्याच्या दुप्पट गरजे, जणू आत कोणी हरभरे भरडत बसलं आहे.

"आज याची बोलतीच बंद करतो," एका उतरत्या दुपारी दुकानातून लवकर येऊन तो म्हणाला. सायकलवाल्या शफीककडून त्यानं ट्यूबचे तुकडे अन् पंक्चरचं सोल्युशन आणलं होतं. खाली रबर घातलं की थरथर रबरातच जिरते, असं शफीकचं म्हणणं.

त्याची बायको राजमती पाळण्यापाशी बसली होती. चिमी नुकतीच डोळे मिटत होती. ती निजली की राजमती जेवणार. लेकरू रडत असलं की तिला घास उतरत नसे. आणि सूर्य बुडाल्यावर या जैन घरात कोणी पाण्याचा घोटही घेत नसे.

"अहो, उद्या करा ना. पोरगी निजून राह्यली."

"तिच्या झोपेसाठीच तर करून राह्यलो."

त्यानं पंखा बंद केला, रबराला दोन्हीकडून सोल्युशन फासलं, पंखा पेटीवर दाबून चिकटवला आणि बटन दाबलं. वारा सुटला, आवाज नाही. मांजराच्या पावलानं पंखा फिरू लागला. अजितकुमारनं ऐटीत बायकोकडे पाहिलं.

चिमीनं टक्क डोळे उघडले. रोजची घरघर कुठे गेली म्हणून जरा कान दिला, अन् धान्याच्या लिलावात पुकारा व्हावा तसा टाहो फोडला.

"जन्मली तशी त्या घरघरीवरच निजते ते," त्याची आई जतनबाई शांतपणे म्हणाली. "काढ ते रबर."

रबर निघेना. पंखा ओढला तर पेटीच उचलून येई. तशी घरघर व्हावी म्हणून चमच्यानं पेटी वाजवून पाहिली. चिमी आणखी पेटली. खिडकीतलं ऊन लाल होत चाललं. राजमतीनं झाकल्या ताटाकडे एकदा पाहिलं. ते पाहणंच त्याला लागलं. तो पाळण्यावर वाकला आणि ओठ थरथरवू लागला, "घर्रर्रर्र..."

चिमीची पापणी जड झाली.

"थांबू नका," राजमती कुजबुजली अन् तिनं ताट ओढलं. ज्वारीची भाकर, मुगाची डाळ, वर तुपाची धार. कितीतरी दिवसांनी ती सावकाश जेवली. पाणी पिऊन मागं पाहते तो अजितकुमार घरघरतच होता. एक हात पोटावर, दुसरा भाकरीच्या टोपल्याकडे लांबलेला.

"बुडाला दिवस," म्हणत जतनबाईनं टोपलं झाकून ठेवलं.

तेवढ्यात शफीक दारात डोकावला. क्षणभर कान देऊन म्हणाला, "काहून अजितभाऊ, रबरानं तर आवाज अजूनच वाढला?"

खुलासा करायला अजितकुमारचं तोंड मोकळं नव्हतं.