मधल्या गल्लीची मोहीम व गादीच्या विजारीची हकीकत

यॉर्कशायर प्रांत, काल्डर नदीचे खोरे, कसबे माइथमरॉइड, येथील राजमान्य राजेश्री डेझमंडराव हेबलथ्वेट, गॅसचे मीटर वाचण्याच्या चाकरीतून सुखरूप निवृत्त, यांणी वसंत ऋतूत गुरुवारी प्रातःकाळी सवलतीच्या पेठेवर खाशा स्वारीनिशी जी चढाई केली, तिचा मजकूर जाणत्यांनी ध्यानी घ्यावा आणि नेणत्यांनी निदान हसू आवरावे, म्हणोन लिहिला आहे.

प्रथम लाभाचा अंदाज. मोहीम फत्ते होती तर रावांस गादीची विजार एक, पिवळा पावसाळी डगला एक, हातमोज्यांचा जोड एक आणि दिव्यांची जोडी एक, इतका सरंजाम चाळीस पौंडांचे आत हाती लागता. गादीची विजार म्हणजे जिचे बुडास आतून कापसाळ गादी शिवलेली असते ती. तिजवाचोन सायकलीवर दोन घटका बसणारास तिसरी घटका उभ्याने काढावी लागते. दुसरा लाभ असा की सायकल मंडळातील दंतवैद्य पिकरसगिल, जे एका विजारीस दोनशे पौंड मोजतात आणि मोजले हे चहाचे वेळी न चुकता कळवितात, त्यांचे नाक चार बोटे खाली येते. परंतु हे दोन्ही लाभ किरकोळ. खरा लाभ सायकलीच्या जागेचा होता.

ती सायकल निळी, पोलादी, रावांनी पहिल्या पगारातून घेतलेली, आणि घराच्या दाराआतील बोळात, जेथे भिंतीस उबेचा नळ आहे, तेथे तिचा मुक्काम. रावांचे धाकटे बंधू पाहुणे आले असता दिवाणखान्यात सोफ्यावर निजत, पण सायकल कधी जागची हलली नाही. परसात एक छपरी होती. तीस छप्पर होते असे म्हणण्याची रीत होती. पावसाळ्यात, म्हणजे त्या प्रांती जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, तेथे गोगलगायी आणि गंज यांचे संयुक्त राज्य चाले.

ही जागा पणास लागण्यास कारण घडले ऐसे की, रावांची या पेठेवरील मागील स्वाऱ्यांची कीर्ती फार वाईट होती. ती पेठ म्हणजे एकाच छपराखालील स्वस्ताईचे मोठे दुकान, तेथे एके अंगास दूध, पाव, अंडी. दुसरे अंगास साबण, सोडा. आणि मध्ये एक गल्ली, जेथे दर गुरुवारी परस्परांशी काही नाते नसलेल्या वस्तूंचा ढीग पडतो. तिजमध्ये शिरला तो शुद्धीत बाहेर आला ऐसे कोणी पाहिले नाही. राव मोज्यांकरिता गेले आणि हवा भरावयाची होडी घेऊन आले. पावाकरिता गेले आणि लोखंड जोडण्याचे यंत्र घेऊन आले, पाव विसरले. सबब या खेपेस पेठेत सायकलीच्या सामानाचा सप्ताह लागल्याची बातमी येताच त्यांचे कुटुंब ग्लेनिसबाईसाहेब, ज्या टपालखात्यात सारी उमर त्या डोंगरांतून पत्रे वाटून नुकत्याच घरी बसल्या होत्या, यांणी न्याहारीचे वेळी टोस्टावर लोणी लावीत हुकूम फर्मावला:

"चाळीस पौंड, डेझ. एक पेनी जास्त नाही. आणि जे आणशील ते सगळं रविवारी संध्याकाळपर्यंत वापरात आलं पाहिजे. एक वस्तू जरी खोक्यात पडून राहिली ना, तर तुझी ही निळी बया छपरीत जाईल आणि तिच्या जागी माझं बुटांचं कपाट येईल. मापं घेऊन ठेवलीत मी."

मापे खरोखरच घेतली होती. बोळात भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. राव चहा अर्धा टाकून उठले.

मग गुरुवारी सकाळी पेठेचे दार उघडण्यापूर्वीच राव जाऊन पोचले, तो पाहतात तर पुढे आधीच रांग. अग्रभागी ईनिड मर्गट्रॉइड, वय ऐंशीचे पुढे, चौकटीच्या कापडाची चाकांची पिशवी बाळगणाऱ्या, अनेक गुरुवारांच्या रणात जखमी न होता इतरांस जखमी करून आलेल्या. त्या सायकल चालवीत नसत. पण स्वस्त झाले ते घ्यावे, कोणाच्या तरी वाढदिवसास जाते, हा त्यांचा राजधर्म. रांगेत सर्वजण पावसाविषयी बोलत होते, आणि कोण काय घेण्यास आले हे कोणी कोणास विचारीत नव्हते, कारण तसे विचारणे म्हणजे शत्रूचे गोटात जासूद धाडणेच.

दार उघडले. त्या मुलखात दुकानात धावणे अप्रतिष्ठेचे समजतात, सबब कोणीही धावले नाही; सर्वजण केवळ इतक्या वेगाने चालले की एका गृहस्थाची टोपी दारातच मागे राहिली आणि ती घेण्यास तो परतला नाही. मग मधल्या गल्लीत मोठे रण माजले. कोपरास कोपर भिडले, आणि प्रत्येक कोपरामागून माफी मागण्यात आली, आणि माफीमागून पुन्हा कोपर आले. तेथे अंगास घालून पाहण्याची खोली नाही. म्हणोन लोक खोकी फाडीत, विजारी कोटावरूनच कमरेस लावून पाहात, आणि न जमली ती हाती येईल त्या खोक्यात कोंबून पुढे जात. हा त्या पेठेचा जुना रिवाज, आणि राव तो पक्का जाणून होते. परंतु रणाचे कैफात शहाण्याचे शहाणपण घरी राहते.

डगला घेतला, हातमोजे घेतले, दिवे ईनिडबाईंच्या पिशवीचे चाक पायावरून गेले तरी सोडिले नाहीत. राहिली विजार. पुरुषी, मध्यम मापाचे एकच खोके उरले होते, आणि त्यावर रावांचा हात पडला त्याच क्षणी पलीकडून दुसरा हात पडला. त्या हातावर भारी घड्याळ होते. राव वर पाहतात तो डोकीवरून डगल्याचे टोपडे ओढलेले, काळा चष्मा ल्यालेले, साक्षात दंतवैद्य पिकरसगिल.

दोन्ही फौजांनी खोके घट्ट धरिले.

"मी चीझ घ्यायला आलोय," पिकरसगिल म्हणाले. "बायकोनं सांगितलंय."

"असं," राव म्हणाले. "मग हे चीझ मध्यम मापाचं चालेल का तिला?"

पिकरसगिल यांचा चेहरा त्यांच्याच दवाखान्यातील रोग्यासारखा जाहला. इतक्यात मागून ईनिडबाईंनी पिशवी दोघांचे घोट्यांवर घालून समज दिली, "पोरांनो, लग्न लावायचं असेल तर बाहेर जाऊन लावा. मला त्या तव्यापर्यंत जायचंय." तेव्हा तेथेच, तव्यांचे राशीशेजारी, तातडीने तह जाहला. कलमे दोन: खोके रावांनी घ्यावे, आणि वैद्यांस या गल्लीत पाहिले हे रावांनी मंडळात जन्मात उच्चारू नये. पिकरसगिल यांणी खोके इतक्या उदार अंतःकरणाने सोडिले की दुसऱ्या कोणास संशय येता. त्यांची बगल डगल्याखाली थोडी फुगलेली होती, हेही दुसऱ्या कोणास दिसते. राव विजयात होते, त्यांस काही दिसले नाही.

निघता निघता मधमाश्या पाळण्याचा जाळीदार पोशाख वाटेत आडवा आला. अवघे अठरा पौंड. रावांनी त्यास हात लावला, काढिला, पुन्हा लावला. रावांस मधाची आवड नव्हती, माश्यांची भीती होती, आणि परसात छपरी सोडल्यास जागा नव्हती. तरीही त्यांणी तो उचलून उराशी धरिला. परंतु भिंतीवरील पेन्सिलीच्या खुणा डोळ्यांपुढे आल्या आणि राव पाय ओढीत गल्लीबाहेर पडले. या संग्रामातील खरे शौर्य ते हेच. बाकीचे कोपरांचे काम.

गल्ल्यावरील पोरगी सामान तोफेच्या गोळ्यांसारखे फेकीत होती, ते झेलून, हिशेब चाळीसचे आत बसवून राव विजयी मुद्रेने घरी आले, आणि बाईसाहेबांसमोर टेबलावर एकेक वस्तू मांडू लागले. डगला मांडला. हातमोजे मांडले. दिवे लावून दाखविले. मग खोके उघडिले.

आतून निघाली विजार बायकांची, थोर मापाची, दोन्ही अंगांस जांभळी फुले.

राव न्हाणीघरात जाऊन ती चढवून आले, तो ती त्यांच्या काटक अंगावर निशाणासारखी फडफडू लागली. परत करावी, तर परत केलेली वस्तू वापरली असे धरावयाचे नाही, हे कलम बाईसाहेबांनी होडीच्या प्रकरणीच घालून ठेविले होते. बाईसाहेबांनी ड्रॉवर उघडून मोजपट्टी काढली. कपाटाचे माप पुन्हा एकवार ताडून पाहावे, इतकाच हेतू.

तेव्हा रावांनी मानी स्वभाव बाजूस ठेवून विनंती केली की, आपण उंच आहा, सशक्त आहा, ही आपणच एकवार ल्यावी, परसातून एक फेरी मारावी, म्हणजे वापर जाहला आणि सायकलीचे प्राण वाचले. बाईसाहेबांनी बराच वेळ आढेवेढे घेतले, मग रावांचा चेहरा पाहून विजार उचलली आणि आत गेल्या. मग दार उघडले.

"डेझ, हिला आत गादी आहे."

"हो. असतेच."

"मी जन्मभर टपालाची सायकल चालवली. कडक सीटवर. आणि हे असं काही असतं हे तू मला आत्ता सांगतोस?"

बाईसाहेबांनी परसाकडे पाहिले, परस फारच लहान दिसले, सबब निळी सायकल पुढच्या दाराने काढिली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते म्हणाल्या. गल्लीचे टोक जवळच होते. त्या परतल्या तेव्हा रावांनी केलेला चहा दोनदा थंड झाला होता, आणि बाईसाहेबांचे गाल लाल होते, आणि सायकलीची बैठक दोन बोटे वर चढविलेली होती.

"रविवारी मंडळाबरोबर मी जाते," त्या म्हणाल्या. "तू बसनं ये, राजा."

रविवारी क्रॅग व्हेलच्या घाटाने सारे मंडळ निघाले. तो चढ लांब, संथ आणि निर्दय आहे. त्याचे माथ्यावर चहाचे दुकान आहे. आणि मंडळाचा कायदा असा की जो सर्वांत शेवटी पोचेल त्याने सर्वांस चहा पाजावा. ग्लेनिसबाईसाहेब या घाटातील प्रत्येक दाराशी टपालाची पिशवी घेऊन चढलेल्या, त्यांस चढ म्हणजे काय हे ठाऊकच नव्हते. त्यांणी ख्रिस्ती देवळापाशी मंडळाचे सचिवास मागे टाकिले, आणि दुसऱ्या वळणावर पिकरसगिल यांस मागे टाकिले, आणि टाकिता टाकिता त्यांचे मुलाच्या परीक्षेचीही चौकशी केली. पिकरसगिल यांस श्वास नसल्याने उत्तर देता आले नाही.

राव बसने निघाले. थांब्यावर धुके इतके दाट की चालकास दिसावे म्हणोन त्यांणी दोन्ही दिवे हातात धरून हालविले. पाऊस आला म्हणोन पिवळा डगला चढविला. माथ्यावर पोचले तेव्हा मंडळ आत बसून वाट पाहात होते, चहाची आणि रावांची, याच क्रमाने. कायद्यात वाहनाचा उल्लेख नाही, ऐसा निवाडा सचिवांनी दिला. मग रावांनी नवे हातमोजे चढवून, कारण किटल्या फार तापल्या होत्या, चहाचे तबक टेबलाशी आणिले.

आणि तेथे पिकरसगिल पाय पसरून बसले होते. त्यांचे अंगी मध्यम मापाची काळी विजार, बाजूस हिरवी पट्टी, जशी खोक्यावर छापलेली होती हुबेहूब तशी. मात्र कमरेची चिठ्ठी कात्रीने कापलेली, दोन धागे लोंबत होते. रावांस डगल्याखालची फुगलेली बगल आता दिसली, आणि खोक्यातील खरी विजार कोठे गेली तेही. तोंड उघडिले. तह आठवला. तोंड मिटिले.

बाईसाहेबांस तहाची वार्ता नव्हती. त्यांणी कौतुकाने विचारिले, "छान आहे हो तुमची. कुठून घेतलीत?"

"इटलीहून मागवली," पिकरसगिल म्हणाले.

रावांनी तबक सावकाश खाली ठेविले. "इटलीचं चीझसुद्धा नामी असतं," ते म्हणाले. "मध्यम मापाचं."

मंडळास यात काही अर्थ लागला नाही. परंतु पिकरसगिल उठले, गल्ल्याशी गेले, आणि कोणी न मागता सर्वांचे केकांचे पैसे भरून आले. आणि बाईसाहेबांनी आणखी एक स्कोन, म्हणजे तिकडील लोण्याचा गोड पाव, मागविला तोही त्यांच्याच नावे पडला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. डगला पावसात भिजला, दिवे धुक्यात लागले, हातमोजे तबकास लागले, विजार घाट चढली. हुकुमाची अक्षरशः तामिली होऊन खोक्यात एकही वस्तू राहिली नाही. निळी सायकल बोळात उबेच्या नळाशी कायम राहिली, आणि तिजवरील बैठक दोन बोटे वर, तीही कायम राहिली. पेन्सिलीच्या खुणा पुसल्या गेल्या. पुढील रविवारची यादी सचिवांनी लाविली, तीत हेबलथ्वेट हे नाव एकदाच होते, आणि ते रावांचे नव्हते.

खर्चाची अखेर: केक व स्कोन, पिकरसगिल. चहा, डेझमंडराव. सरंजाम चाळीस पौंडांचे आत, डेझमंडराव. बसभाडे जाण्याचे आणि येण्याचे, तेही डेझमंडराव. आणि बाईसाहेब उतारावरून त्यांच्या आधी घरी पोचल्या.